कुत्र्याची शी उचलायचा स्कूपर: कॉलनीत कुत्रा पाळणाऱ्यांनी घ्यावाच

लांब दांड्याचा पूप स्कूपर ऑनलाइन मागवला. पिशव्यांच्या रोलसकट पाचशेच्या आत पडला. जळगावात आमच्या भागात आता बंगल्या-बंगल्यात लॅब्राडोर (लॅब) नाहीतर पॉमेरेनियन आहे आणि सकाळी सगळ्यांची स्वारी ओपन स्पेसकडेच निघते. मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, ती बरीचशी यावल-चोपड्याकडे. त्यामुळे ही वस्तू कशी आहे ते सांगतेच, पण ती का घ्यायची तेही सांगते.

दांडा कमरेपर्यंत येतो, वाकावं लागत नाही. माझ्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांना हेच मोठं सुख. मूठ दाबली की खालचा जबडा सांडशीसारखा उघडतो, सोडली की स्प्रिंगने मिटतो. पिशवी जबड्यावर उलटी चढवायची, कडा दोन्ही बाजूंच्या खाचांत अडकवायच्या. उचलून झालं की पिशवी ओढून घ्यायची आणि गाठ मारायची. हात कुठे लागत नाही. पेव्हर ब्लॉकवर आणि काँक्रीटवर एका दमात साफ होतं. गवतातही बरं चालतं, कारण जबड्याची कड नागमोडी आहे. पावसाळ्यात मात्र आपली काळी माती त्रास देते. शीबरोबर चिखलाचा गोळाच उचलला जातो, पिशवी जड होते आणि कड खाचेतून निसटते. शिवाय रविवारी वरण-बट्टीचं तूप कुत्र्याच्या पोटात गेलं की सोमवारी जे होतं, ते या स्कूपरने उचललं जात नाही. त्यावर राख किंवा कोरडी माती टाकायची, जरा थांबायचं आणि सुपलीने खरडून घ्यायचं.

आता मुख्य गोष्ट. कुत्रा म्हटलं की लोकांना फक्त रेबीज आठवतो. तो आठवायलाच हवा. दरवर्षी लस द्यायची. कुणाला चावला, ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही. पण शीतून काय पसरतं, ते कुणी विचारत नाही. कुत्र्याच्या आतड्यात टॉक्सोकारा नावाचा गोल जंत असतो. त्याची एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. ताज्या शीतली अंडी लगेच रोग देत नाहीत, मातीत दोन ते चार आठवडे पडून राहिली की ती घातक होतात. म्हणजे तुम्ही त्याच सकाळी उचललं तर साखळी तिथेच तुटते! राहू दिलं तर पाऊस शी विरघळवून टाकतो, डोळ्यांना काही दिसत नाही आणि अंडी मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतात. उघड्यावर आपल्या उन्हात ती लवकर मरतात, पण कडुनिंबाखालच्या ओलसर सावलीत त्यांना काही होत नाही.

आणि लहान मुलं खेळतात नेमकी तिथेच. शेजारच्या सुनेचं रांगतं बाळ त्या निंबाखाली मूठभर माती तोंडात घालताना मी पाहिलं आहे. अंडी पोटात गेली की अळ्या बाहेर पडून यकृतात, फुप्फुसात फिरतात. एखाद्या मुलाच्या डोळ्यात शिरली तर नजर जाऊ शकते. अंकुशकृमी हा कुत्र्याच्या शीतून पसरणारा दुसरा जंत. त्याच्या अळ्यांना तर तोंडाचीही गरज नाही, त्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत जातात.

म्हणून स्कूपरच्या जोडीला जंताचं औषध हवंच. पिल्लांना हे जंत आईच्या पोटातूनच येतात, म्हणून औषध दोन आठवड्यांचं असल्यापासून सुरू करतात. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी देतात. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनाच ठरवू द्या.

गाठ मारलेली पिशवी घंटागाडीत द्या. गटारीत टाकू नका, पहिल्या पावसात ते सगळं नाल्याला लागतं. घरच्या खतातही नको. घरगुती खड्डा एवढा तापत नाही की अंडी मरतील, आणि तेच खत पुढे मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात जातं.

पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "माय, हाई काय शे वं?" मी दाखवलं, कारण सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच एका लॅबवाल्या साहेबांना हटकलं. आता त्या गल्लीतले दोघे-तिघे पिशवी घेऊन निघतात. मला याचा फार आनंद आहे.

वस्तूतल्या उणिवा दोन. स्प्रिंग साध्या लोखंडाची आहे, धुऊन ओली ठेवली की गंजते. पुसून तेलाचा एक थेंब सोडावा लागतो. दुसरं म्हणजे प्लास्टिक. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. समोरच्या घरी असाच स्कूपर गच्चीवर राहिला, तो मुठीजवळ तडकला. सावलीत, दाराआड ठेवा. सोबत आलेल्या पिशव्या फार पातळ आहेत, त्या संपल्या की जाड घ्या.

एवढं असूनही माझ्याकडून पाचपैकी चार. आखूड दांड्याचा शंभरेक रुपयांनी स्वस्त मिळतो, पण घरातल्या वयस्कर माणसाने कुत्रा फिरवायचा असेल तर लांबच घ्या.