मेडिकल स्टोअर रिव्ह्यू: डिस्काउंट नाही, पण बिलावर बॅच नंबर असतो (४ स्टार)

नागपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी छोटं मेडिकल आहे, नाव टाकत नाही कारण दुकानवाले काका म्हणाले नको रे बाबा, आहे तेवढी गर्दी पुरे. एक स्टार कापला तो दुपारी दोन ते पाच शटर बंद म्हणून.

ऑक्टोबर २०२५ मधे मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याचं सिरप पिऊन लेकरं दगावल्याची बातमी आली तेव्हा आमच्याकडे पार धांदल उडाली, कारण त्यातली बरीचशी लेकरं किडन्या फेल झाल्यावर इथे नागपूरलाच आणली होती आणि आमची चार वर्षांची पोरगी त्याच आठवड्यात खोकत होती. कोल्ड्रिफ सिरप, कांचीपुरमच्या कंपनीचं. तामिळनाडूच्या लॅबला त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे किडन्या निकामी करणारं रसायन, सापडलं, चालतं किती तर ०.१ टक्के! म्हणजे अर्धी बाटली विषच की. आपल्या महाराष्ट्राच्या एफडीएनेही (अन्न व औषध प्रशासन) लगेच सांगितलं की एसआर-१३ बॅच विकू नका, वापरू नका, कुठे दिसली तर १८००२२२३६५ वर कळवा.

आता गंमत बघा, सरकारने बॅच थांबवली पण आपल्या फ्रीजवरच्या बाटलीचं काय? आमची बाटली मेन रोडवरच्या मोठ्या दुकानातली, वीस टक्के डिस्काउंटमधे घेतलेली, बिल म्हणजे कागदाच्या चिटोऱ्यावर नुसता आकडा, आणि लेबल सिरप ओघळून इतकं चिकट झालेलं की नाव कसंबसं वाचता येत होतं, बॅच नंबर पुसलेला. नाव दुसरंच होतं पण तेव्हा कोणत्याच बाटलीवर भरवसा वाटेना.

मग काकांकडे गेलो. त्यांनी एफडीएचा कागद काचेवर चिकटवलेलाच होता. बाटली बघून म्हणाले ही ती नाही, पण नंबर दिसत नाही तर ओतून टाक, आणि पाच वर्षांखालच्या पोरांना खोकल्याचं औषध मी असं हातात देत नाही, आधी डॉक्टरला दाखव. सेल घालवला ना त्यांनी! वर ८६ सालची जेजे हॉस्पिटलची गोष्ट सांगितली, ग्लिसरीनमधून हेच विष गेलं, १४ पेशंट दगावले, चौकशीला लेंटिन आयोग बसला. मला हे माहीतच नव्हतं.

तेव्हापासून सगळं तिथूनच घेतो. छापील बिल, प्रत्येक औषधापुढे बॅच आणि एक्सपायरी, न मागता. औषधावरचा क्यूआर कोड स्कॅन करून बॅच बघायलाही त्यांनीच शिकवलं, पण तो फक्त ३०० मोठ्या ब्रँडना कंपल्सरी आहे, ऑगस्ट २०२३ पासून, त्यामुळे बाकीच्यांसाठी बिलच जपून ठेवावं लागतं. मी व्हॉट्सअॅपवर बायकोला फोटो पाठवून ठेवतो.

यूपीआय चालतं. गाडी मात्र नालीच्या बाजूला लावू नका, माझी एकदा पडली.