‘दोनशे एमबीपीएस फायबर’ म्हणून दुसऱ्याच्या लाइनची वाटणी विकतात, नागपूरकरांनो सावध

लोकल केबलवाल्याकडून ‘दोनशे एमबीपीएस फायबर’ची लाइन घेतली आणि एकूण १३,४०० रुपये गेले. महिना ६९९ प्रमाणे वर्षाचे ८,३८८, त्यावर १८ टक्के जीएसटी १,५०९ रुपये ८४ पैसे, झाले ९,८९७.८४. ‘राउंड फिगर करून टाका न भाऊ’ म्हणून ९,९००. इन्स्टॉलेशनचे १,५००. आणि ‘ओएनटी’चं (फायबरचं टोक ज्यात लागतं तो डबा) डिपॉझिट २,०००, म्हणे परत मिळतं. सगळं रोख. पावती छापील पॅडवरची, तिच्यावर जीएसटी नंबरच नाही. म्हणजे कर वसूल केला आणि तो स्वतःच्या खिशात. नंबर पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव दिसतं. आधी नंबर मागा, मग पाकीट काढा.

‘मोठ्या कंपनीचं का नाही घेतलं’ हे विचारणारे येतीलच. आमच्यासारख्या बेशाकडच्या नव्या लेआउटमध्ये राहून बघा. फायबर मेन रोडच्या खांबापर्यंत येतो आणि आतल्या गल्लीचा पत्ता टाकला की ‘फीजिबल नाही’. घरून काम असलं की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किती दिवस काढणार? मग दारात पत्रक टाकून गेलेला माणूस देवासारखा वाटतो. सगळे लोकल केबलवाले चोर नसतात, हेही खरं.

विकलं काय आणि दिलं काय ते बघा. कुणाच्या तरी घरच्या एकाच कनेक्शनवर शेजारच्या गच्चीत नेटवर्क स्विच, म्हणजे एक लाइन अनेकांत वाटणारा डबा, बसवला होता. तिथून गच्च्यांवरून साधी कॅट-५ केबल (तांब्याच्या आठ तारांची) आणि हॉलमध्ये छोटा राउटर. फायबर घरात शिरलाच नाही. खरा फायबर असेल तर वायर बारीक असते, टोकाला बहुतेक वेळा हिरवं चौकोनी कनेक्टर असतं आणि डब्यावर पॉन (PON) आणि लॉस (LOS) असे दिवे असतात. ज्या डब्याला फायबरचं भोकच नाही तो ओएनटी नाही. बर्डीच्या बाजारात हजाराच्या आतबाहेर मिळणाऱ्या राउटरचं डिपॉझिट दोन हजार!

आणि सगळ्यात जास्त जळतं ते इथे. केबलीच्या टोकाला प्लग लावताना जोडणीला आलेल्या पोरानं निळी आणि तपकिरी जोडी कटरनं उडवली. आठपैकी चारच तारा आत गेल्या: केशरी, केशरी-पांढरी, हिरवी, हिरवी-पांढरी. १, २, ३ आणि ६ नंबरच्या खाचा भरल्या, बाकीच्या रिकाम्या. विचारलं तर ‘एवढ्याच लागतात’. त्याच क्षणी काम थांबवायला हवं होतं. चार तारांवर लिंक शंभर एमबीपीएसचीच बसते, टेस्टमध्ये आकडा ९४-९५ च्या वर जाऊच शकत नाही. त्यापुढे गिगाबिट (हजार एमबीपीएसची) लिंक लागते आणि तिला आठही तारा लागतात. कापलेल्या जोड्या वाया गेल्या नव्हत्या. जिन्यात त्याच केबलीतून त्या खालच्या मजल्यावरच्या घराला दिल्या होत्या. एका केबलीत दोन गिऱ्हाईकं. पण तो खोटं कुठे बोलला? शंभरसाठी चार तारा पुरतातच. पैसे तेवढे दोनशेचे घेतले. प्लग लावताना तारा मोजत कोण बसतं हो?

स्पीड टेस्टही त्यानं स्वतःच्या फोनवर दाखवली, दुपारी अडीचला, लोक ऑफिसात असताना: ९१. ‘वायफायवर एवढंच येते, वायरवर दोनशे.’ २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर स्पीड खरंच पडतो, म्हणून हेही पटतं. रात्री नऊला आकडा सात. टेस्ट लॅपटॉपला केबल लावून, रात्री नऊनंतर, सर्व्हर बदलून मुंबईचा घेऊनच करा. दोनशे म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट, एक जीबीची फाइल चाळीस सेकंदांत उतरायला हवी. विंडोजमध्ये इथरनेटचा लिंक स्पीड १००/१०० दिसला, तर प्लग उघडून तारा मोजा.

आधार मागितलं नाही, फोटो नाही, फॉर्म नाही. त्या वेळी ही सोय वाटली. खरी कंपनी केवायसी घेतल्याशिवाय लाइन देत नाही. ग्राहक क्रमांक, मोबाइलवर मेसेज, पोर्टलचं लॉगिन मिळतं. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा (बाहेरून येणाऱ्या लाइनचा) आयपी पत्ता बघा. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर तुम्ही बहुतेक दुसऱ्या कुणाच्या घरच्या राउटरखाली आहात. १००.६४ ते १००.१२७ असेल तर घाबरू नका, तो कंपनीनं अनेकांत वाटलेला आयपी असतो. १० ने सुरू होणाराही कंपनीचा असू शकतो. राउटरचा पासवर्ड तुमच्याकडेच हवा.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या केबलीचं वेष्टण तडकलं. लोडशेडिंगमध्ये घरी इन्व्हर्टर चालू, पण शेजारच्या गच्चीतला स्विच बंद. मग मूळ कनेक्शनच तुटलं आणि केबलवाल्या भाऊंचा फोन बंद.

आता दाद मागा म्हणे! पोलीस ठाण्यात सांगितलं, हा दिवाणी मामला आहे, साहेब. सायबरवाले म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले नाहीत, आमच्यात बसत नाही. म्हणजे रोख लुटलं की गुन्हा नाही? ज्या कंपनीचं नाव पत्रकावर होतं तिथे उत्तर एकच: ‘तुम्ही आमचे ग्राहकच नाही.’ ग्राहक हेल्पलाइनवर बिल मागितलं, बिल कुठून आणायचं? दूरसंचार नियामकाकडे (ट्राय) जावं तर वैयक्तिक तक्रारी तिथे घेतच नाहीत, आधी कंपनीकडे जा, मग तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे. कंपनी ओळखच देत नाही, अपील कशाचं? प्रत्येक खिडकीवर शहाणपण मात्र फुकट: ‘शिकलेसवरलेले असून?’

उरलेला रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. पण पैसे दिल्याचा पुरावा लागतो, म्हणून यूपीआयनंच द्या आणि शेऱ्यात ‘इंटरनेट, १२ महिने’ लिहा. ते पॅडवरचं चिटोरं, पत्रक, चॅटचे स्क्रीनशॉट काही फेकू नका. वर्षाचे एकदम भरू नका, सूट कितीही असो. महिन्याचे भरणाऱ्याचे ८२५ (६९९ अधिक जीएसटी) बुडतील, तेवढ्यावर सुटेल. गच्चीवरून तांब्याची केबल ओढली असेल तर ढग दाटून आले की, विजा सुरू व्हायच्या आधीच, ती राउटरमधून उपसून ठेवा, नाहीतर पोर्ट जळतो आणि त्याचेही पैसे मागतात.

पत्रकं अजून वाटली जाताहेत. कंपनीचं नाव बदललंय, दर आता ५९९ आहे.