स्टुडिओ की लोकेशन? टीव्ही निर्मितीतलं पहिलं काम निवडताना

मीडियाच्या शेवटच्या वर्षाची मुलं बहुतेक वेळा विचारतात, "दिग्दर्शनात जाऊ की कॅमेऱ्यात?" मला वाटतं, त्याआधी दुसरा प्रश्न सोडवायला हवा. काम मल्टिकॅमेरा स्टुडिओत शिकायचं, की एक कॅमेरा घेऊन लोकेशनवर? पदाची नावं दोन्हीकडे तीच असतात, दिवस मात्र पार वेगळा जातो. स्टुडिओतला असिस्टंट स्टॉपवॉच हातात धरून उलटी मोजणी करतो, तर लोकेशनवरचा असिस्टंट रात्री उद्याची कॉल शीट, म्हणजे कोणी कुठे, किती वाजता यायचं याचा कागद, लावत बसतो.

आधी स्टुडिओ. बातम्या, चर्चा, क्विझ, खेळांचं प्रक्षेपण हे सगळं या पद्धतीने होतं. तीन-चार कॅमेरे एकाच वेळी चालू असतात आणि त्यांची चित्रं पीसीआरमध्ये, म्हणजे प्रॉडक्शन कंट्रोल रूममध्ये, समोरच्या भिंतीवर दिसतात. डायरेक्टर "स्टँडबाय टू" म्हणतो तेव्हा कॅमेरा दोनचा शॉट प्रिव्ह्यूवर, म्हणजे पुढचा शॉट दाखवणाऱ्या स्क्रीनवर, असतो. "टेक टू" म्हटल्याबरोबर मिक्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यांची चित्रं बदलायच्या पॅनलवर, बसलेला बटण दाबतो, शॉट प्रोग्रॅमवर, म्हणजे प्रेक्षकांना दिसणाऱ्या चित्रावर, जातो आणि स्टुडिओच्या फ्लोअरवर कॅमेरा दोनचा टॅली लाइट, म्हणजे आता याचंच चित्र जातंय हे सांगणारा दिवा, लाल होतो. सुरुवात करून देताना फ्लोअर मॅनेजर दहापासून मोजत येतो. तीनपर्यंत तोंडाने, पुढचे दोन आणि एक नुसत्या बोटांनी, कारण तोवर माइक उघडलेले असतात.

ही शिस्त टीव्हीच्या जन्मापासूनची आहे. बीबीसीने 2 नोव्हेंबर 1936 रोजी अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केलं आणि अँपेक्सचा व्हिडिओटेप रेकॉर्डर आला तो 1956 मध्ये. मधल्या वीस वर्षांत बहुतेक कार्यक्रम घडत असतानाच घरोघरी दिसत होते. एखादा शॉट चुकला तर तो चुकलेलाच दिसायचा.

लाइव्ह कार्यक्रमात आजही तेच होतं. माझ्या पहिल्या नोकरीत मी एका पाहुण्यांना कॉलरवरचा लेपल माइक लावला आणि बॅटरी बघायची राहिली. चौथ्या मिनिटाला त्यांचा आवाज गेला. डायरेक्टरने क्षणात निवेदिकेचा क्लोज घेतला आणि "कोणीही वाइड देऊ नका" एवढंच टॉकबॅकवर, म्हणजे टीमच्या कानातल्या हेडसेटवर, म्हटलं. फ्लोअर मॅनेजर वाकून, जवळजवळ रांगत, हँड माइक घेऊन पाहुण्यांपर्यंत पोचला. निवेदिकेने प्रश्न मुद्दाम लांबवला. पाऊण मिनिटात सगळं सावरलं, पण ते पाऊण मिनिट मला अजून सेकंदासेकंदाने आठवतं. त्या दिवसापासून मी बॅटरी बदलल्याशिवाय माइक कोणाच्या हातात दिलेला नाही.

आता लोकेशन. इथे तोच संवाद पुन्हा पुन्हा शूट होतो. आधी मास्टर, म्हणजे अख्खा सीन एका रुंद शॉटमध्ये, मग एका बाजूचे शॉट, मग दुसऱ्या बाजूचे, मग हातांचे, वस्तूंचे. दर वेळी लाइट नव्याने लागतात. नटाने पहिल्या टेकमध्ये ज्या शब्दावर, ज्या हाताने कप उचलला, त्याच शब्दावर त्याच हाताने तो तीन तासांनंतरही उचलायला हवा आणि कपातला चहाही तेवढाच हवा. हे सगळं कंटिन्युइटी शीटवर लिहिणारा कोणीतरी लागतो. नवख्या मुलांच्या वाट्याला बऱ्याचदा हेच काम येतं आणि बघायची सवय लागायला याच्याइतकं चांगलं काम दुसरं नाही.

लोकेशनवरची चूक त्या क्षणी ओरडत नाही. ती एडिटला बसल्यावर सापडते, तोवर युनिट पांगलेलं असतं. खोलीतला फ्रिज चालू राहिला तर त्याची घरघर अख्ख्या सीनमध्ये येते, तीही दर शॉटला वेगळी, आणि कट केल्यावर ती उडी कानाला टोचते. म्हणून साउंडवाले आधी फ्रिज बंद करतात आणि गाडीची किल्ली त्यातच ठेवतात, म्हणजे जाताना तो पुन्हा चालू करायला विसरायला नको. निघण्यापूर्वी अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प उभं करून रूम टोन, म्हणजे खोलीचा नुसता आवाज, घ्यायचा आणि फूटेजच्या दोन कॉपी तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. या गोष्टी वर्गात ऐकलेल्या असतात, पण लोकेशनवर दमलेल्या संध्याकाळी नेमक्या त्याच राहतात.

अर्थात भिंत इतकी पक्की नाही. अमेरिकेत 1951 मध्ये 'आय लव्ह लुसी' ही मालिका प्रेक्षकांसमोर तीन 35 मिमी फिल्म कॅमेऱ्यांनी चित्रित होऊ लागली, म्हणजे स्टुडिओचा वेग आणि नंतर एडिटची मुभा एकत्र आली. आजही रेकॉर्डेड कार्यक्रमांत लाइन कटबरोबर, म्हणजे मिक्सरवर तिथल्या तिथे कट केलेल्या कार्यक्रमाबरोबर, प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं रेकॉर्डिंग ठेवतात आणि चुकलेला कट नंतर दुरुस्त करतात.

शिकण्याच्या वेगात स्टुडिओ पुढे आहे. कानात टॉकबॅक असतो, त्यामुळे साउंड, लाइट, ग्राफिक्स, प्रॉम्प्टर, प्रत्येकाची अडचण ऐकू येते. कार्यक्रम रोजचा असेल तर आज चुकलेलं उद्याच सुधारता येतं. पण तिथे साचायला वेळ लागत नाही, वर्षानुवर्षं फक्त रनडाउन, म्हणजे कार्यक्रमाचा क्रम आणि वेळांचा तक्ता, भरणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. लोकेशनवर युनिट लहान असेल तर सगळं करावं लागतं, दाखवायला शोरील, म्हणजे आपल्या कामाचे निवडक तुकडे, पटकन तयार होतं, मात्र एक काम संपलं की पुढचं कधी मिळेल हे सांगता येत नाही. स्टुडिओवाल्यांचं शोरील तसंही अवघड असतं. परवानगी असेल तर टॉकबॅकच्या आवाजासह लाइन कटचा एक तुकडा ठेवावा, त्यातून माणूस कसा विचार करतो ते कळतं.

मन ठरत नसेल तर मी आधी स्टुडिओच सुचवेन, दीड-दोन वर्षांसाठी. माहितीपटच करायचा हे पक्कं असेल तर मात्र थेट लोकेशन गाठा. लोकांच्या घरात कॅमेरा घेऊन अवघडल्याशिवाय कसं बसायचं, हे स्टुडिओत कोणी शिकवणार नाही.

तरीही शंका असेल तर एका सुट्टीत करून बघा. दोन मित्रांना दहा मिनिटं गप्पा मारायला बसवा. एकदा तीन फोन लावून, तिन्ही चित्रं डोळ्यांसमोर ठेवून, न थांबता कट पुकारा आणि मित्राला ते वेळेसह लिहायला सांगा. दुसऱ्यांदा एकाच फोनवर, शॉट बदलत, तेच संभाषण पुन्हा घ्या. दोन्ही एडिट करा. यातलं कोणतं दुसऱ्या दिवशी पुन्हा करावंसं वाटतंय, ते बघा.