ट्यूब उशिरा लागते म्हणून आईकडून तीन चोकांचे पैसे घेतले गेले

नोव्हेंबर २०१४ मध्ये साताऱ्याच्या आमच्या घरी आईची फसवणूक झाली. रक्कम फार मोठी नव्हती, परंतु ज्या घरांत अजून जुन्या पट्टीच्या ट्यूब आहेत आणि वयस्कर माणसे एकटी राहतात, तिथे हाच प्रकार सहज पुन्हा घडू शकतो, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

आमच्या घरात चार फुटी चार ट्यूब होत्या, सगळ्या वडिलांनी बसवलेल्या. त्या वर्षी दिवाळीनंतर त्या उशिरा लागू लागल्या. बटण दाबले की दोन्ही टोके तांबूस दिसत, मग ट्यूब सात-आठ वेळा लुकलुके आणि कधी कधी मिनिटभराने एकदाची लागे. नेहमीचा वायरमन गावी गेला होता, त्यामुळे दाराच्या फटीतून कोणीतरी टाकून गेलेल्या कार्डावरच्या नंबरावर आईने फोन केला आणि तासाभरात एक माणूस हजर झाला.

त्याने आईला दोन गोष्टी दाखवल्या. स्टुलावर चढून त्याने ट्यूबच्या पत्र्याच्या पट्टीचे झाकण काढले, आतल्या चोकाच्या, म्हणजे ट्यूबचा प्रवाह आवरणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या, वायरीला टेस्टर लावला आणि टेस्टरमधला दिवा लागताच, "बघा मावशी, चोकातून करंट बाहेर येतोय," असे सांगितले. नंतर ट्यूब बंद करून त्याने चोकाला तिचे बोट लावायला लावले. चोक चांगलाच तापलेला होता. "हे असेच राहिले तर एखाद्या रात्री पट्टी पेटेल," हे त्याचे वाक्य आईच्या मनात बसले. घरात आपण एकट्या, या विचाराने ती घाबरली आणि तिने होकार दिला. एका चोकाचे ६५० रुपये याप्रमाणे तिघांचे १९५० आणि मजुरीचे ४५०, असे २४०० रुपये त्याने घेतले. तेवढेच पैसे घरात होते, म्हणून स्वयंपाकघरातली चौथी ट्यूब तशीच राहिली. ट्यूब सुरू करणाऱ्या छोट्या डबीविषयी जाताना तो म्हणाला, "स्टार्टरही नवीन टाकलेत, त्याचे पैसे नकोत." जुने तिन्ही चोक भंगार म्हणून त्याने पिशवीत घातले. तिन्ही ट्यूब बटण दाबताच लागत होत्या, त्यामुळे आईला शंका येण्याचे कारणच नव्हते.

डिसेंबरात मी घरी गेलो तेव्हा ती राहिलेली ट्यूब पाहायला घेतली. झाकण उतरवल्यावर पत्र्याच्या आतल्या बाजूला वडिलांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले दिसले : स्टार्टर, ४ जून २००६. त्यानंतर तो कोणी बदललाच नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानातून १५ रुपयांचा स्टार्टर आणून बसवला आणि ट्यूब दोन सेकंदांत लागली. खात्रीसाठी तो जुना स्टार्टर बाहेरच्या खोलीतल्या, नवा चोक बसवलेल्या पट्टीत घालून पाहिला, तर तीही ट्यूब तशीच लुकलुकू लागली. ज्या वस्तूने खरी दुरुस्ती झाली ती त्या माणसाने फुकट दिली होती आणि जिला काहीही झाले नव्हते त्या वस्तूचे पैसे घेतले होते.

स्टार्टरच्या डबीत काचेचा एक छोटा बल्ब असतो आणि त्यात वायू व तापली की वाकणारी दुहेरी धातूची पट्टी असते. बटण दाबल्यावर वायू उजळतो, पट्टी तापून टोके जुळतात आणि ट्यूबच्या दोन्ही बाजूंच्या तारांतून प्रवाह जाऊन त्या तापतात. क्षणभराने पट्टी थंड होऊन सुटते, प्रवाह एकदम तुटतो आणि त्या झटक्याने चोक काहीशे व्होल्टचा दाब निर्माण करतो, ज्यामुळे ट्यूब पेटते. वर्षानुवर्षे वापरलेल्या स्टार्टरची पट्टी नीट जुळत वा सुटत नाही, आणि मग हा प्रयत्न पुन्हा पुन्हा होत राहतो. लुकलुकणे म्हणतात ते हेच.

चोकाची तार आतून तुटली असेल तर प्रवाहाचा रस्ताच बंद होतो आणि ट्यूब लुकलुकतसुद्धा नाही. आतले वेटोळे एकमेकांना चिकटले तर जादा प्रवाहाने ट्यूबच्या टोकांच्या तारा जळण्याची भीती असते. म्हणजे जी ट्यूब उशिरा का होईना पण लागते आणि मग स्थिर राहते, तिच्या चोकावर पहिला संशय घेण्याचे कारण नाही. चोक फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या, वायरीत जोडलेला असतो, त्यामुळे तिथे टेस्टर लागणारच, आणि चालू ट्यूबचा तांब्याचा चोक गरम होणारच. आईला दाखवलेली दोन्ही लक्षणे धडधाकट चोकाची होती.

मला सर्वांत जास्त चीड पुढच्या गोष्टीची आली. जानेवारीत मधल्या खोलीतला नवा चोक घुरघुरू लागला आणि जळका वास आला, म्हणून तो काढून पेठेतल्या दुकानदाराला दाखवला. त्याने चोकावरचे कागदी लेबल नखाने खरवडले, तर खाली जुन्या लेबलाचे अवशेष निघाले. तो वापरलेला चोक होता आणि त्यातले वेटोळे ॲल्युमिनियमचे होते. आमचे वडिलांच्या वेळचे चोक मात्र तांब्याचे होते, आणि तांब्याला मोडीत भाव मिळतो.

ट्यूब उशिरा लागत असेल तर घरात नीट लागणाऱ्या दुसऱ्या ट्यूबचा स्टार्टर आधी तिच्यात घालून पाहावा. मेन स्विच बंद करून स्टार्टर थोडा आत दाबून पाव वळसा डावीकडे फिरवला की निघतो. त्याने फरक पडला नाही आणि टोके काळी पडलेली असतील तर ट्यूबच संपत आली आहे. होल्डरमध्ये पिना सैल असल्या तरी असेच होते. फक्त संध्याकाळी त्रास होत असेल तर व्होल्टेज कमी पडत असण्याची शक्यता मोठी, आणि कडाक्याच्या थंडीतही ट्यूब सावकाश लागते. इलेक्ट्रॉनिक चोकाच्या पट्टीत स्टार्टर नसतो, तिथे ही तपासणी लागू नाही.

त्या कार्डावरचा नंबर मी पुढे अनेक दिवस लावला, तो बंदच होता. बिल घेतलेले नसल्याने ग्राहक मंचाकडे जायला हातात कागद नव्हता, आणि जुने चोक त्याच्याचकडे गेल्यामुळे दाखवायला वस्तूही नव्हती. आता कोणीही दुरुस्तीला आले की आई काम सुरू होण्यापूर्वी दर विचारते, बिल मागते आणि काढलेली वस्तू घरातच ठेवायला सांगते.