किनाऱ्यावरचा महोत्सव की देवळापुढची डबलबारी?

मे महिन्यात कोकणात एकच दिवस हाताशी आहे आणि तो उघड्यावर गाणं ऐकण्यात घालवायचा आहे, तर तुमच्यासमोर दोन वाटा असतात. एक म्हणजे समुद्रालगतच्या मैदानात किंवा थेट वाळूवर भरणारा पर्यटन महोत्सव. तिथे मोठा मंच, एलईडी पडदा आणि मुंबई-पुण्याहून आलेला ऑर्केस्ट्रा किंवा एखादा नावाजलेला गायक असतो. दुसरी वाट सिंधुदुर्ग-राजापूर पट्ट्यातल्या एखाद्या देवळाच्या पटांगणात जाते, जिथे 'डबलबारी भजनाचा जंगी सामना', म्हणजे दोन भजनी मंडळांमधला सवाल-जवाबाचा सामना, लावलेला असतो. चाकरमानी गावी आलेले असतात, म्हणून दोन्हींना गर्दी असते. (निव्वळ शास्त्रीय गाणं ऐकायचं असेल तर उन्हाळा सोडा आणि जानेवारीत रत्नागिरीला थिबा राजवाड्याच्या महोत्सवाला या.)

आधी उन्हाचं बोलू, कारण दिवस कसा जाणार ते तेच ठरवतं. इथे पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. आकडा घाबरवणारा नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही. महोत्सवात चांगली जागा धरायची तर चार-पाच वाजताच जाऊन बसावं लागतं, आणि सूर्य सातच्या सुमारास बुडेपर्यंत पश्चिमेचं ऊन थेट अंगावर येतं. दुपारचा खारा वारा तोवर साथ देतो. अंधार पडता पडता तोही मंदावतो आणि नेमका कार्यक्रम रंगतो तेव्हा उकडायला लागतं. डबलबारी बहुतेकदा जेवणं उरकल्यावर उभी राहते. दिवसभर आंबे खा, कोकम सरबत प्या, दुपारी माजघरात ताणून द्या. गाण्यासाठी ताजे राहता. लहान मुलं रात्री टिकत नसतील तर मात्र महोत्सवच बरा. निदान सूर्यास्ताआधी त्यांना पाण्यात पाय बुडवता येतात.

आता गाणं. महोत्सवात गाणी ओळखीची असतात, सोबत गुणगुणता येतात, तरुणांना नाचता येतं. हा आनंद खरा आहे आणि तो कमी लेखू नये. फक्त वाऱ्याने आवाज हेलकावतो, म्हणून मंचाला चिकटण्यापेक्षा ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरजवळ जागा धरा. तिथे शब्द सगळ्यांत स्वच्छ ऐकू येतात.

डबलबारीत मात्र कान वेगळ्या पद्धतीने कामाला लागतात. दोन मंडळं समोरासमोर बसतात. पेटीवर मुख्य गायक म्हणजे बुवा, शेजारी पखवाज, झांज, मागे कोरस. पहिली बारी, म्हणजे एका मंडळाची गाण्याची पाळी, संपेपर्यंत समोरचे बुवा शांतपणे ऐकत असतात, आणि मग पुराणातला तोच प्रसंग उचलून उलट सवाल टाकतात. पटांगणातले म्हातारे त्या क्षणी पुढे सरकतात, कारण जवाब चुकला तर त्यांना तो लगेच कळतो. अभंग, गवळण असं करत बारी गजरावर येते. लय चढत जाते, कोरस टाळ्यांनी उचलतो, कुणीतरी मंचापर्यंत जाऊन बक्षिसाची नोट देतो आणि माइकवर त्याचं नाव पुकारलं जातं. परशुराम पांचाळ, काशीराम परब यांच्यासारख्या बुवांनी हा फड गाजवला. आजही त्यांचं नाव निघालं की जाणकार सावरून बसतात.

शक्य असेल तर पखवाजाच्या बाजूला बसा. दमट हवेने कातड्याचा सूर उतरतो. वादक दोन पदांच्या मध्ये हातोडीने वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून सूर वर आणतो, डाव्या पुडीवरची कणीक बोटाने ओली करून पुन्हा थापतो, एक थाप देऊन कान लावतो. बुवा तेवढा वेळ बोलण्यात निभावून नेतात. एलईडी पडद्यावर हे कधी दिसणार नाही.

पैशाचा प्रश्न सोपा आहे. महोत्सवाला तिकीट असू शकतं, डबलबारीला नसतं. वेळेचा थोडा नाजूक आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. ठरावीक दिवशी परवानगी घेऊन बारापर्यंत चालतं. हा नियम दोन्हींना लागू. म्हणून निघण्यापूर्वी सुरू व्हायची वेळ विचाराच. आटोपशीर '२०-२०' बाऱ्याही हल्ली होतात आणि नवख्याला त्या सोयीच्या.

वळवाचाही विचार करा. मेच्या मध्यानंतर संध्याकाळी अचानक आभाळ भरून येतं. वाळूवरचा मंच अशा वेळी सरळ बंद करावा लागतो. देवळापुढे माणसं पेटी-पखवाज उचलून सभामंडपात शिरतात आणि बारी पुढे सुरू होते. किनाऱ्यावर गाडी नेणार असाल तर भरतीची वेळ बघून मगच लावा; वाळूत रुतलेली गाडी रात्री काढणं जिवावर येतं. बायकांच्या सोयीचं स्पष्ट सांगतो. महोत्सवात फिरती स्वच्छतागृहं असतात, पण रांग मोठी. गावात तीही नसतात. शेजारच्या घरात विचारावं लागतं, आणि सहसा कुणी नाही म्हणत नाही.

परतीची सोय दोन्हीकडे अवघडच. रात्री एसटी मिळेल या भरवशावर राहू नका. मे महिन्यातली कोकण रेल्वेची तिकिटं आरक्षण उघडताच संपतात, तेव्हा मुक्काम जवळच ठरवा.

सोबत नाचायला उत्सुक मंडळी असतील तर महोत्सवाला जा, मजा येईल. पण तुम्ही मुख्यतः ऐकायला निघाला असाल तर माझा कौल निःसंशय डबलबारीला. कणकवली, कुडाळ, देवगडच्या बाजूला उतरलात की तिठ्यांवरचे बॅनर वाचत जा. त्यावर दोन्ही बुवांची, त्यांच्या गुरूंची आणि पखवाजवादकांची नावं असतात. ती चहाच्या टपरीवर वाचून दाखवा. यातली कुठली बारी चुकवायची नाही, हे तिथे कुणीही सांगेल.