बी पेशींची सहनशीलता अभ्यासायची, तर उंदीर एमडी४ की एसडब्ल्यूएचईएल?

प्रकल्प सहनशीलतेवर, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी शरीराच्याच प्रथिनांवर हल्ला का करत नाहीत यावर, आणि उंदीर कोणता घ्यावा यावर घोडं अडलंय? दोन्ही जनुक बदललेले उंदीर; त्यांच्या बी पेशी कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम हे प्रथिन ओळखतात. फरक त्यासाठीच्या प्रतिपिंडाचं जनुक कुठे बसवलंय यात आहे.

एमडी४ मध्ये ते मूळ जागेबाहेर पडलंय. ९० टक्क्यांच्या आसपास बी पेशी लायसोझाइम पकडतात, म्हणून फ्लो सायटोमेट्री (लेसरने एकेक पेशी तपासणं) सोपी. एमएल५ शी (रक्तात लायसोझाइम सोडणाऱ्या उंदराशी) संकर केला की रक्तातल्या विरघळलेल्या लायसोझाइममुळे पेशी मरत नाहीत, निष्क्रिय होतात: पृष्ठभागावरचं आयजीएम प्रकारचं प्रतिपिंड घसरतं, आयजीडी प्रकारचं टिकतं. गुडनाऊ यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखवलं ते हेच. पण इथे लायसोझाइम न ओळखणाऱ्या साध्या बी पेशींची स्पर्धा जवळपास नसते, त्यामुळे निष्क्रिय पेशी खऱ्यापेक्षा चिवट वाटतात. आयुष्यमान मोजायचं तर मिश्र अस्थिमज्जेचे कायमेरा (दोन उंदरांची अस्थिमज्जा एकत्र दिलेले उंदीर) कराच. एमडी४ मध्ये वर्गबदल (आयजीएमवरून आयजीजीसारख्या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडाकडे वळणं) मात्र होत नाही.

एसडब्ल्यूएचईएलमध्ये जड साखळीचं (प्रतिपिंडाच्या मोठ्या भागाचं) जनुक मूळ जागीच आहे, त्यामुळे वर्गबदल होतो आणि जड साखळी बदलून निसटणाऱ्या पेशीही दिसतात. किंमत अशी, की लायसोझाइम पकडणाऱ्या पेशी साधारण १०–२० टक्केच. गेटिंग (फ्लो सायटोमेट्रीत हव्या त्या पेशी वेगळ्या निवडणं) ढिलं पडलं की निकाल गढूळ.

निष्क्रिय पेशींतला कॅल्शियम-संदेश मोजायचा असेल तर एमडी४. जर्मिनल सेंटर (बी पेशी वाढून प्रतिपिंडं सुधारतात ती जागा) किंवा वर्गबदल हवा असेल तर एसडब्ल्यूएचईएल.