फॉरबिडन आयलंड: सातवीच्या वर्गात वर्षभर खेळून झाल्यावर

आमच्या सातवीत ३४ पोरं, त्यात एक मुलगी अल्पदृष्टी असलेली, एकाला कमी ऐकू येतं, आणि दोघंतिघं वाचताना खूप अडखळतात. सगळ्यांना एका जागी बसून खेळता येईल असं काहीतरी हवं होतं म्हणून मॅट लीकॉकचा हा २०१० चा बोर्डगेम मागवला. यात एकमेकांना हरवायचं नसतंच, २४ टाइल्सचं बेट मांडायचं, ते बुडायच्या आत ४ खजिने गोळा करून हेलिकॉप्टरनं सुटायचं, एक जरी मागे राहिला तरी सगळे हरले.

मला फार आवडलं ते म्हणजे प्रत्येकाचं काम वेगळं असतं. इंजिनियर एका चालीत २ भिजलेल्या टाइल्स वाळवतो (म्हणजे उलटवून कोरडी बाजू वर आणतो), मेसेंजर लांबूनच कार्ड देऊ शकतो, त्यामुळे "तू नुसता बघत बस" असं कुणाला म्हणताच येत नाही.

पाणी वाढल्याचं कार्ड निघालं की आधी भिजलेल्या जागांची कार्डं पिसून परत गठ्ठ्यावर ठेवतात. तिसऱ्या डावाला वाचनात सगळ्यात मागे असलेला मुलगा एकदम म्हणाला, "बाई, त्याच जागा परत येणारेत, आधी त्या वाळवू." हे तोवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं! आता त्याला विचारल्याशिवाय पोरं चाल करत नाहीत.

तक्रारी पण आहेत. कार्डं इंग्रजीत, मी मराठी स्टिकर चिकटवले. भिजलेली बाजू नुसती फिकट निळी, ती आमच्या अल्पदृष्टीच्या मुलीला ओळखूच येईना, मग त्या बाजूच्या कोपऱ्यात फेविकॉलचा जाड थेंब टाकून रात्रभर वाळवला, आता ती बोटानं चाचपून सांगते. खजिन्याचे तुकडे मात्र छान भरीव आहेत, हाताला लगेच कळतात, म्हणून ते तिच्याच ताब्यात.

हुशार पोरं दुसऱ्यांच्या चाली ठरवायला लागतात हा मोठा त्रास. आमचा नियम, सल्ला द्या पण सोंगटी ज्याची त्यानंच हलवायची, आणि बोलताना टाइलवर बोट ठेवायचं, एका वेळी एकानंच, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यालाही कळतं कुठलं चाललंय.

डबा २ ते ४ जणांचा, मी जोड्या करून ८ जण बसवते, डाव अर्ध्या तासात होतो. एवढ्या मोठ्या वर्गाला एक सेट पुरत नाही, शाळेकडे पैसे असतील तर दोन घ्या.